चिंचेखाली काढलेले बूट

मी आजवर लिहिलेल्यापैकी सगळ्यात जास्त वाचला गेलेला मजकूर सात शब्दांचा आहे. ‘बुटाशिवाय काटा नाही. अनवाणी कुणी चढणार नाही.’ गुलाबी कागद, वर एका तळपायाचं चित्र, खाली या दोन ओळी. कराड, मलकापूर, कोरेगावपासून मिरजेपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर आणि टेम्पोंच्या काचांवर तो कागद चिकटला होता. पत्रकं लिहिणं हेच माझं काम. कॉलेज सुटल्यापासून असंघटित कामगारांच्या संघटनेत आहे. राग आला की लोक भांडतात, मी छापते. या सात शब्दांचा मला फार अभिमान होता, आणि त्यांच्यामुळेच ज्ञानू अण्णांचं काम जायची वेळ आली. दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायला निवृत्त माणूस शोभतो हे मला कळतं. मी अजून तिशीचीही नाही. पण चूक ताजी असतानाच लिहिलेली बरी, नंतर आपण तिला अनुभव म्हणायला लागतो.

आधी काम काय ते सांगते, कारण शहरातल्या वाचकाला झाड पडलेलं दिसतं, त्यावर चढलेला माणूस दिसत नाही. रस्ता रुंद करायचा असतो, बांधावरची निलगिरी विकायची असते, विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या काढायच्या असतात. अशा वेळी चढणाऱ्यांची टोळी लागते. झाड उंच, सरळ आणि तोडायचं असेल तर ही माणसं पायांना लोखंडी काटे बांधतात. गुडघ्याखालून आतल्या अंगाने एक जाड सळई घोट्यापर्यंत उतरते आणि तिथे वळून पावलाखालून जाते, घोड्याच्या रिकिबीसारखी. घोट्याजवळ बोटभर लांबीचा टोकदार काटा असतो. पाय खोडावर मारला की काटा रुततो आणि माणूस पावलाखालच्या त्या आडव्या पट्टीवर उभा राहतो. कमरेला दोर, हातात करवत, आणि सगळं अंग त्या दोन पट्ट्यांवर. पट्टी दोन बोटं रुंद. ती टाचेखाली नसते, चवड्याखालीही नसते. तळपायाला जिथे कमान असते, जिथे लहान मुलाला गुदगुल्या होतात, नेमकी तिथे असते.

पटत नसेल तर घरातली शिडी काढा आणि अनवाणी पायाने एका पायरीवर तळव्याच्या मधोमध उभे राहा. घरातल्यांचा चहा करून पिऊन होईपर्यंत खाली उतरू नका. ती माणसं सकाळी आठला चढतात.

ज्ञानू अण्णांना मी पहिल्यांदा भेटले ते कोरेगावकडच्या रस्त्यावर, निलगिरीच्या तोडीवर. मी दोर आणि हेल्मेटविषयीची प्रश्नावली घेऊन गेले होते. जेवणाची सुट्टी झाली होती. पन्नाशीचा एक सडसडीत माणूस बांधावर बसून कॅनव्हासचा बूट काढत होता. बूट निघाला आणि माझी प्रश्नावली तिथेच संपली. ओंडक्याला वर्षानुवर्षं दोर घासला की जशी खाच पडते, तशी त्यांच्या दोन्ही तळव्यांना आडवी खाच पडली होती. खाचेतली कातडी काळी आणि कडा पिवळ्या होत्या. बोटं मात्र एकमेकांपासून अशी फाकलेली, जणू प्रत्येकाला वेगळं काम दिलेलं आहे.

“अण्णा, दुखत नाही हे?”

“दुखतं की. वर असलं की न्हाई कळत. संध्याकाळी पाय जमिनीला लागला की कळतं.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“दावलं. म्हनला, दिवसभर उभं ऱ्हाऊ नका. म्हनलं, साहेब, म्या उभा कुटं ऱ्हातो? म्या टांगलेला असतो.”

सगळी टोळी हसली. मी हसले नाही. त्या दिवसांत मला हसूच यायचं नाही.

अण्णा मूळचे जत तालुक्यातले, पार कर्नाटकाच्या कडेचे. तिकडे झाड दिसायला चालावं लागतं. मी म्हटलं, “जतचा माणूस झाडावर चढायला कुठे शिकला?” तर म्हणाले, “तुमच्याकडं झाडं लय, म्हनून तुमी कुनाला वळखत न्हाई. आमच्याकडं चार. चारीबी नावानं म्हाईत.” सुट्टी संपल्यावर ते चढले तेव्हा मी खाली उभी होते. चढण्याआधी त्यांनी खोडाला तळहात टेकवला आणि पुटपुटले, “अव्वा, बर्तीनी.” टोळीतल्या एकाने मला अर्थ सांगितला, आई, येतो. तोडायच्या झाडाला? हो, त्यालाही. मग काटा रुतल्याचा आवाज आला आणि माणूस चालत जावा तसा तो माणूस उभ्या खोडावरून वर गेला. कुठे झटका नाही, कुठे घाई नाही. त्या खाचा पडलेल्या पायांवर. शेंड्याजवळ वाऱ्याने झाड झुलत होतं आणि ते त्याच्याबरोबर झुलत करवत चालवत होते. माझी मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. नंतर मी बरीच आंदोलनं केली, मोर्चे बघितले. पण त्या दुपारी जे बघितलं तसं परत कुठे बघितलं नाही.

काय पणाला लागलंय ते खाली उतरल्यावर अण्णांनीच सांगितलं. टोळी ज्याची, त्या ठेकेदाराला सगळे भाऊ म्हणतात. पूर्वी अण्णा दिवसाला आठ झाडं काढायचे, आता पाय सुजल्यामुळे चारवर आले होते. भाऊंनी सांगितलं होतं, हा सीझन बघतो, नाही जमलं तर अण्णा खाली. खाली म्हणजे पडलेल्या फांद्या ओढायला.

“कामच आहे ना तेही,” मी मूर्खासारखं बोलले.

“हाय की. पर खाली आलेला परत वर जात न्हाई, ताई. मी कुनी गेलेला बघितला न्हाई.”

मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं आणि बूट गोळा करायला लागले. साताऱ्या-सांगलीतल्या सोसायट्यांमधून खेळायचे बूट मिळाले. मऊ, रंगीत, आत जाड स्पंज. मी स्वतः बोट दाबून बघितलं, काय गादी होती. टोळीला वाटले, फोटो काढले. आठ दिवसांनी अण्णांनी त्यांचा जोड मला परत दिला. तळवा मधोमध घडी घातल्यासारखा मोडला होता.

“बूट ब्येस हाय,” ते म्हणाले. “पर मऊ हाय. मऊवर झोपायचं असतं ताई, उभं न्हाई ऱ्हायचं. ह्यातनं पट्टी सरळ पायापोतर येती.”

पायाची खाच आधीपेक्षा लाल झाली होती. त्यांच्या सुजलेल्या पायात आणखी आठ दिवसांची सूज मी घातली होती, आणि वर फोटो काढले होते. माझ्या मऊपणाच्या कल्पना खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या होत्या.

उत्तर टोळीतच होतं. विक्या नावाचा एक चढणारा, दोन पोरांचा बाप, त्याच्या पायाला खाच नव्हती. मी त्याचे पाय बघायला मागितले तेव्हा तो लाजला, पण दाखवले. त्याचा भाऊ सैन्यात होता आणि विक्या भावाचा जुना काळा बूट घालून चढायचा. तो बूट घेऊन मी मलकापूरला सदाकाकांकडे गेले. ते चपला-बूट बनवतात. नुसते दुरुस्त करत नाहीत, बनवतात. हा फरक ते प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवायचा प्रयत्न केला. चवड्यात वाकला, मधे वाकला नाही. शेजारी तसाच एक फाटका जोड पडला होता, त्याचा तळवा त्यांनी रापीने उघडला. कमानीच्या जागी, दोन कातड्यांच्या मधे, बोटभर रुंद पोलादी पट्टी होती.

“ही बघा तुमची गादी,” सदाकाका म्हणाले. “वजन एका जागी पडू देत न्हाई. पट्टीवर पट्टी उभी ऱ्हाती, पाय वरच्या वर. आन टाच बघा किती उंच. खालची सळई मागं सरकायची सोयच न्हाई.”

इतकं सोपं होतं ते. मला राग आला तो याचा, की चालणाऱ्या सैनिकाच्या बुटात ही पट्टी घालायचं कुणाला तरी सुचलं होतं, आणि दिवसभर तळव्यावर टांगलेल्या माणसाच्या पायात काय असावं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मग मी गावोगाव जुने मिलिटरी बूट मागत फिरले. आपल्याकडे त्याला तोटा नाही, दर चौथ्या घरात माळ्यावर एक ट्रंक असते. कोरेगावजवळच्या एका गावात एका निवृत्त हवालदारांनी मला तासभर उभं ठेवलं. बूट देणार, पण एका अटीवर.

“रोज पॉलिश पाहिजे.”

“काका, ते झाडावर चढणार आहेत.”

“मग? वरनं देव बघतो.”

त्यांनी ब्रश आणि डबीसुद्धा दिली. तो जोड ज्याला मिळाला तो अजून रोज पॉलिश करतो. टोळी त्याला कर्नल म्हणते.

सगळ्यांना कुणाचा ना कुणाचा बूट बसला. अण्णांना एकही बसेना. सदाकाकांनी त्यांचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवली. “हे पाऊल न्हाई ताई,” ते म्हणाले, “हा पंजा हाय. ह्याला साचा न्हाई.” मग त्यांनी साचाच नवा केला. पुढे रुंद, घोट्याच्या वर जाणारा, टाच सरळ कापलेली, तळव्यात दुहेरी कातडं आणि मधे जुन्या बुटातून काढलेली पोलादी पट्टी. आत घालायला काय, यावर दोघांचा वाद झाला. सदाकाकांना दाबलेल्या लोकरीचा नमदा हवा होता. अण्णांनी गावाहून जुन्या घोंगडीचा तुकडा आणला. म्हणाले, घाम पिते आणि दबत नाही. दोन घड्या करून कमानीखाली भरला. तो वाद अण्णा जिंकले.

महिन्याभरात खाचेचा काळेपणा गेला. खाच राहिली, ती आता कायमचीच, पण सूज उतरली. अण्णा सहावर आले, मग सातवर. भाऊंनी फांद्या ओढायची भाषा बंद केली. एवढंच नाही, त्यांनी माझं गुलाबी पत्रक स्वतःच्या हाताने टेम्पोच्या आतल्या पत्र्यावर चिकटवलं आणि टोळीला बजावलं, बूट-काटे नसतील तर चढायचं नाही. एका मालकाने माझं ऐकल्याची ती पहिलीच वेळ. मला संशय यायला हवा होता. मी पेढे वाटले.

चिंच मलकापूरच्या एका जुन्या गल्लीत होती. तीन बायांनी हात धरले तरी कवेत येणार नाही एवढी. तिच्या दोन फांद्या विजेच्या तारांवर आल्या होत्या, तेवढ्याच उतरवायच्या होत्या. झाड राहणार होतं. वीज चारपर्यंत बंद ठेवलेली होती. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते, नव्या बुटांचे फोटो काढायला. टोळी उतरली, दोर निघाले, आणि अण्णा चिंचेच्या मुळीवर बसून बुटाचे बंद सोडायला लागले.

“अण्णा, काय चाललंय?” भाऊ म्हणाले.

“फांदी काडायची हाय ना. काडतो की.”

“अनवाणी?”

“ऱ्हायचं झाड हाय, भाऊ. ऱ्हायच्या झाडाला काटा मारत न्हाईत.”

भाऊ शांतपणे टेम्पोपाशी गेले आणि पत्र्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. “अनवाणी कुणी चढणार नाही.” मग माझ्याकडे वळले. “मॅडम, हे तुमचंच हाय ना? मग सांगा त्यास्नी. काट्यानं अर्ध्या तासाचं काम. अनवाणी ह्यो दोर टाकत, वाट बघत जानार, चार वाजत्याल. माझ्याकडनं नियमाबाहेर कोण चढनार न्हाई. न्हाई जमत तर अण्णा, उद्यापासनं खाली. विषय संपला.”

इथे मी काय केलं ते लिहिते, कारण त्यासाठीच हा लेख आहे. मी भाऊंशी भांडले नाही. मी अण्णांजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, “अण्णा, आजच्या दिवस घाला. एवढ्या मेहनतीने वर राहिलात. एका झाडासाठी कशाला?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. उठले, मला चिंचेच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे खोडावर, माणसाच्या पावलाएवढ्या अंतराने, भोकांच्या दोन रांगा वर गेल्या होत्या. प्रत्येक भोक काळं, भोवती साल फुगून सुटलेली, काहींतून डिंकासारखं काही ओघळून वाळलेलं. रांग जिथे संपत होती तिथली मोठी फांदी कोरडी ठक्क होती. एक पान नव्हतं.

“कुणी केलं हे?” माझा आवाज लगेच पत्रकाचा झाला.

“म्याच,” अण्णा म्हणाले. “लय वर्सं झाली. तवा काटे नवे मिळालते. घाई व्हती. ही बाजू तवापास्नं वाळत गेली.” त्यांनी एका भोकात करंगळी घातली, ती पेरभर आत गेली. “तुमी माझा पाय बघितला, ताई. खाच बघितली. तवा तुमास्नी राग आला. आता हिचा बघा.”

मी बघितला. झाडाच्या अंगावर पडलेली ती भोकं आणि माणसाच्या पायावर पडलेली ती खाच एकाच लोखंडाची होती, आणि मी अर्ध्याच गोष्टीचं पत्रक काढलं होतं.

आम्ही पुढे आलो तेव्हा भाऊ विक्याला सांगत होते, “तू चढ रं.” विक्याने काटे बांधले, दोर कमरेला घातला, खोडापाशी गेला आणि तिथेच थांबला.

“काय झालं?”

“भाऊ, मला हिच्यावर काट्यानं येत न्हाई.”

“काल निलगिरीवर माकडागत गेलास की.”

“निलगिरी जायची व्हती. ही ऱ्हायची हाय. ऱ्हायच्या झाडावर अण्णांनी काट्यानं शिकवलंच न्हाई. येतच न्हाई मला.” तो खाली बसला आणि भावाच्या बुटाचे बंद सोडायला लागला. त्याच्यामागे कर्नलनेही पॉलिश केलेले बूट काढले आणि मातीत नको म्हणून मुळीवर नीट ठेवले.

मी टोळीला संपाचं महत्त्व पहिल्या भेटीपासून शिकवत होते. त्यांनी तो शब्दही न उच्चारता करून दाखवला.

भाऊंनी घड्याळ बघितलं, तारा बघितल्या. मी टेम्पोत चढले, पिशवीतलं पेन काढलं आणि पत्र्यावरच्या माझ्या दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली. “भाऊ, ही ओळ चुकली.”

“छापल्यालं चुकतं व्हय मॅडम?”

“लिहिणारी चुकली. मी.”

भाऊंनी त्या रेघेवर अंगठा घासून बघितला. मग म्हणाले, “चढा. पर पडलासा तर माझ्या अंगावर नगो.”

“दोर हाय की,” अण्णा म्हणाले, आणि बूट माझ्या हातात दिले. “धरा. मुंग्या जात्यात.”

त्यांनी दोराला ओझं बांधून तो उंच फांदीवरून टाकला. तिसऱ्यांदा बसला. खोडाला तळहात टेकवला. “अव्वा, बर्तीनी.” आणि ते पाय चिंचेवर चढायला लागले. तेव्हा मला ती फाकलेली बोटं कळली. प्रत्येक बोट सालीतली आपापली भेग शोधत होतं, सापडली की धरत होतं, सोडताना सालीचा कपचासुद्धा पडत नव्हता. तळव्याची ती जुनी खाच एका फुगीर गाठीवर अशी बसली, की वाटावं ती त्यासाठीच होती. ती त्यासाठी नव्हती हे मला माहीत आहे. ती दुखण्याची खूण आहे आणि तिचा राग मी सोडणार नाही. पण माणूस आपल्या दुखण्याचाही उपयोग करतो, आणि तो बघताना तुमचा राग थोडा वेळ हात जोडून उभा राहतो, एवढं मी त्या दिवशी शिकले. बूट माझ्या हातात होते. आतली घोंगडी अजून ऊबदार होती.

फांद्या दोराने, एकेक करून, बाळाला पाळण्यात ठेवावं तशा खाली आल्या. चाराला दहा मिनिटं कमी असताना अण्णा उतरले, पाय झटकले आणि बूट मागितले. दुसऱ्या दिवशी निलगिरीची तोड होती. भाऊ त्या चिंचेविषयी परत काही बोलले नाहीत. सकाळी टेम्पोत, चढणारे बसतात त्या पुढच्या बाकावर, अण्णांची जागा मोकळी ठेवलेली होती.

मी पत्रक नव्याने लिहायला बसले तेव्हा अण्णांना विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, जे हाय ते लिवा. कागद गुलाबीच घेतला. कराडच्या छापखान्यातल्या मुलीने मजकूर लावला, वाचला आणि मला फोन केला.

“ताई, पहिल्या ओळीत लिहिलंय, तोडायच्या झाडावर बुटाशिवाय चढणार नाही. आणि खाली, ऱ्हायच्या झाडावर बूट घालून चढणार नाही. दोन्ही उलटं झालंय. शिवाय ‘राहायच्या’ पाहिजे ना? कुठली ओळ दुरुस्त करू?”

मी म्हटलं, एकही नको.